जुन्या ट्रकचं डिझेल इंजिन: सेन्सर कधी बदलायचा, कसा बदलायचा आणि इंजिन कसं राखायचं

गाडी चढाला ओढत नाही, चेक इंजिनचा दिवा लागलाय, स्कॅनर बूस्ट प्रेशरचा, म्हणजे टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेच्या दाबाचा कोड दाखवतोय, म्हणून सेन्सर मागवला आणि बसवला. दुसऱ्या दिवशी दिवा परत हजर. मग आणखी एक सेन्सर, मग वायरिंगवर संशय, आणि शेवटी ईसीएमच, म्हणजे इंजिनाचा संगणकच गेला असा निकाल. जुन्या ट्रकच्या बाबतीत हा प्रकार इतका सर्रास दिसतो की सुरुवात तिथूनच केलेली बरी. सेन्सर बदलणं हे अर्ध्या तासाच्या आतलं काम आहे. कुठला बदलायचा आणि मुळात बदलायचा का, हे ठरवण्यातच खरा वेळ जातो. म्हणून इथे तपासणीला जास्त जागा दिली आहे, पाना फिरवण्याला कमी.

जुनं इंजिन म्हणजे इथे साधारण १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या पंधरा-वीस वर्षांतलं. डिझेल किती आणि कधी सोडायचं हे ईसीएम ठरवतो, पण सायलेन्सरच्या बाजूला पार्टिक्युलेट फिल्टर किंवा युरियाची भानगड नाही. डेट्रॉईट डिझेलचं सिरीज ६० हे १९८७ साली आलेलं इंजिन, कमिन्सचं एन-१४ सेलेक्ट, १९९३ पासूनचं कॅटरपिलर ३४०६-ई ही या पिढीतली नामांकित नावं. तपासणीची रीत सगळ्यांना सारखीच लागू पडते. पिनचे क्रमांक, टॉर्क आणि गॅप मात्र आपापल्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यायचे. शेजारच्या गाडीचे आकडे चालत नाहीत. गाडी पूर्ण मेकॅनिकल पंपाची असेल तर सेन्सरचा भाग वरवर वाचा आणि थेट देखभालीकडे या.

हाताशी काय हवं

चांगला डिजिटल मल्टिमीटर, तोही बारीक टोकाच्या प्रोबचा. साधा का होईना, पण लाइव्ह रीडिंग दाखवणारा स्कॅनर. ऑईल प्रेशरसाठी मेकॅनिकल गेज आणि त्याचे अडॅप्टर. इन्फ्रारेड थर्मामीटर, टॉर्क पाना, सेन्सरचे खोल सॉकेट, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी, चांगला क्रिम्पिंग पक्कड. टेस्ट लॅम्प ईसीएमच्या सर्किटवर लावू नका. त्या वायरींतून मिलिअँपियरमध्ये करंट जातो, बल्ब त्याच्या कितीतरी पट ओढतो.

सुरक्षिततेचं थोडक्यात: केबिन टिल्ट केल्यावर लॉक बसलाय हे डोळ्यांनी बघा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. १०० किलोपास्कलच्या आसपास दाब धरणाऱ्या झाकणाखाली पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण सैल होताच एकदम उसळतं. चॅसिसवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीच्या वायरी काढा, ईसीएमचे कपलर काढा आणि वेल्डिंगचा अर्थिंग क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावा. हे न केल्याने ईसीएम जळू शकतो.

कोड नीट वाचा

कोड पुसण्याआधी लिहून घ्या. कुठला ॲक्टिव्ह, कुठला जुना साठवलेला, किती वेळा आलाय, सगळं. पुष्कळ जण स्कॅनर लावला की पहिलं बटण पुसण्याचंच दाबतात आणि सगळा इतिहास घालवून बसतात. स्कॅनर नसेल तर या पिढीच्या बऱ्याच इंजिनांत डायग्नोस्टिक स्विचने दिवा लुकलुकवून कोड काढता येतो. पण त्यातून फक्त आकडा मिळतो, रीडिंग मिळत नाही.

कोडचे दोन भाग असतात. पहिला भाग कुठलं सर्किट ते सांगतो: १०० म्हणजे ऑईल प्रेशर, १०२ बूस्ट, १०५ इनटेक मॅनिफोल्डचं तापमान, ११० कूलंटचं तापमान, १११ कूलंटची पातळी, ९१ ॲक्सिलरेटर पेडल, १९० इंजिनाचा वेग. ईसीएम आणि स्कॅनर ज्या भाषेत बोलतात त्यांपैकी जुन्या जे-१५८७ मध्ये याला पीआयडी म्हणत, नंतरच्या जे-१९३९ मध्ये एसपीएन. हे आकडे मात्र दोन्हींत तेच राहिले. दुसरा भाग म्हणजे एफएमआय, बिघाडाची जात. निम्मं निदान इथेच होतं, आणि नेमका हाच भाग लोक वाचत नाहीत.

एफएमआय ३ म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज हवा त्यापेक्षा जास्त, ४ म्हणजे कमी. ५ म्हणजे करंट फार कमी, बहुधा वायर तुटलेली; ६ म्हणजे करंट जास्त, बहुधा कुठेतरी अर्थिंगला चिकटलेली. २ म्हणजे रीडिंग उड्या मारतंय किंवा पटत नाही. हे सगळे बिघाड विजेचे, म्हणजे सेन्सर, वायर, कपलर यांतलं काहीतरी. पण ० आणि १ वेगळे आहेत. ० म्हणजे रीडिंग खरं मानण्याजोगं आहे आणि ते धोक्याच्या पातळीच्या वर गेलंय. १ म्हणजे ते धोक्याच्या पातळीच्या खाली घसरलंय.

आता १००-४ आणि १००-१ शेजारी ठेवून बघा. दोन्ही ठिकाणी स्कॅनर "ऑईल प्रेशर" असंच लिहितो. पहिल्यात सेन्सरच्या सर्किटचा व्होल्टेज पडलाय. कपलर काढून बघायचा. दुसऱ्यात सेन्सर सांगतोय की ऑईलचा दाब खरंच कमी आहे. तिथे नवा सेन्सर आणायला निघण्याआधी इंजिन बंद करायचं, डिपस्टिक बघायची आणि मेकॅनिकल गेज लावायचा. लाल दिवा गप्प करायला सेन्सर बदलला आणि बेअरिंग गेलं, तर बिल क्रँकशाफ्टचं येतं.

सकाळची तपासणी

रात्रभर उभ्या गाडीवर स्विच ऑन करा, सेल्फ मारू नका. रीडिंग बघा. कूलंट, ऑईल, डिझेल, इनटेक हवा या सगळ्यांचं तापमान बाहेरच्या हवेच्या आसपास आणि एकमेकांपासून थोड्या अंशांच्या आत यायला हवं. तीन सेन्सर २२-२४ दाखवतात आणि चौथा ४१, तर चौथ्याचं काहीतरी बिनसलंय. कोड आलेला नसला तरी. दाब असाच तपासा: इंजिन बंद असताना ऑईल प्रेशर शून्य. बूस्ट सेन्सर गेज पद्धतीचा (वातावरणाच्या वरचा दाबच मोजणारा) असेल तर शून्य, ॲब्सोल्यूट पद्धतीचा (निर्वातापासून मोजणारा) असेल तर वातावरणाचा दाब. हा समुद्रसपाटीला सुमारे १०१ किलोपास्कल असतो, हजार मीटरवर ९०च्या जवळ, दोन हजारांवर ८०च्या जवळ.

पाच मिनिटांची ही तपासणी पुष्कळ गोंधळ वाचवते, कारण कोड येतो तो सेन्सर पार हद्दीबाहेर गेल्यावर. आतल्या आत खोटं बोलणारा सेन्सर कोड न देता इंजिन बिघडवतो. बूस्ट सेन्सर खरा त्यापेक्षा कमी दाब सांगत असेल, तर ईसीएमला वाटतं हवाच कमी आहे. तो धूर होऊ नये म्हणून डिझेल कापतो आणि गाडी लोडला मरते. उलट जास्त सांगत असेल तर काळा धूर. कूलंट सेन्सर कायम थंड दाखवत असेल तर गरम इंजिनही थंड समजून चालवलं जातं: आयडलिंग चढलेलं, टायमिंग बदललेलं, आणि पंखा ईसीएमच्या ताब्यात असेल तर तोही वेळेवर लागत नाही.

तापमानाचा सेन्सर: दोन वायरींचा

आत थर्मिस्टर असतो. तापला की त्याचा रेझिस्टन्स घटतो. आकडे मॉडेलनुसार बदलतात, पण एका प्रचलित जातीत २० अंशांना अडीच किलोओहमच्या आसपास आणि १०० अंशांना दोनशे ओहमच्या जरा खाली असतो. सेन्सर काढून त्याचं टोक पाण्यात बुडवा, पाणी तापवत जा, बाजूला थर्मामीटर ठेवा आणि मॅन्युअलमधल्या तक्त्याशी ताडून बघा. रेझिस्टन्स हळूहळू, सलग उतरला पाहिजे. मधेच उडी मारली तर सेन्सर बाद.

त्याआधी मात्र वायरिंग सुटी करून बघायची, आणि त्याला सेन्सर काढायचीही गरज नाही. स्विच ऑन ठेवून कपलर काढा. ईसीएम सिग्नलच्या वायरीला आतून ५ व्होल्टची ओढ देतो, त्यामुळे कपलर उघडा असताना त्या पिनवर आणि रिटर्नवर (ईसीएमकडे परत जाणाऱ्या निगेटिव्ह वायरीवर) मीटर लावला की ५च्या जवळ दिसायला हवेत आणि कोड एफएमआय ३ व्हायला हवा. मग बारीक जम्परने कपलरच्या त्या दोन पिना एकमेकींना जोडा; व्होल्टेज शून्यावर, कोड एफएमआय ४. असा कोड पलटला तर ईसीएमपासून कपलरपर्यंत सगळं ठीक आहे, सेन्सर बदला. नाही पलटला तर नवा सेन्सर आणून काहीही होणार नाही. एक काळजी: काही ईसीएम बिघाड दिसताच स्वतःच्या मनाने एक ठरावीक तापमान गृहीत धरतात आणि स्कॅनरवर तेच दाखवतात. म्हणून दाखवलेल्या तापमानापेक्षा व्होल्टेज आणि एफएमआयवर विश्वास ठेवा.

जम्पर कुठे लावताय ते दोनदा बघा. बॅटरीचा पॉझिटिव्ह कुठल्याही सेन्सरच्या पिनला चुकूनही लागता कामा नये.

दाबाचा सेन्सर: तीन वायरींचा

एक ५ व्होल्टचा पुरवठा, एक रिटर्न, एक सिग्नल. निरोगी सेन्सर साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंतच्या पट्ट्यात बोलतो, म्हणून शून्य किंवा पाचला टेकलेला सिग्नल हा ईसीएमला लगेच बिघाड म्हणून कळतो. कपलर काढून पुरवठ्याच्या पिनवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट आहेत का बघा, रिटर्न पक्का आहे का बघा, मग कपलर लावून मागच्या बाजूने प्रोब सरकवून सिग्नल वाचा. वायरीच्या सालीला सुई टोचू नका. त्या भोकातून ओल शिरते आणि सहा महिन्यांनी तांबं हिरवं होऊन तुटतं.

या सेन्सरांची एक खोड माहीत असली पाहिजे. ५ व्होल्टचा पुरवठा बहुतेक वेळा अनेक सेन्सरांना सामायिक असतो. त्यातला एक आतून शॉर्ट झाला, किंवा त्याची वायर ब्रॅकेटला घासून उघडी पडली, की सगळी लाईन खाली ओढली जाते. मग ऑईल प्रेशर, बूस्ट आणि पेडल, तिघांचे कोड एकदम येतात. तीन सेन्सर एकाच वेळी जात नसतात. अशा वेळी मीटर ५ व्होल्टच्या पिनवर लावून ठेवा आणि त्या लाईनवरचे कपलर एकेक करून काढत जा. ज्याला काढल्यावर व्होल्टेज टुणकन ५ वर येतो, तो गुन्हेगार. सगळे काढूनही नाही आला तर वायरिंग. शेवटी ईसीएमचा कपलर.

बूस्ट सेन्सरचं तोंड काजळी आणि ऑईलच्या चिकट थराने बुजलेलं असू शकतं. ते कॉन्टॅक्ट क्लीनरने भिजवून साफ करा. आत तार घालून खरवडू नका, पडदा फाटतो.

वेगाचा सेन्सर

क्रँक आणि कॅमच्या जागी दोन जातीचे सेन्सर येतात. दोन वायरींचा मॅग्नेटिक पिकअप स्वतःच एसी व्होल्टेज तयार करतो. त्याचा रेझिस्टन्स मोजता येतो, आणि सेल्फ मारताना मीटर एसीवर ठेवून व्होल्टेजही दिसतो. तीन वायरींचा हॉल सेन्सर पुरवठ्यावर चालतो, कुठे ५ व्होल्ट, कुठे ८ किंवा १२. त्याचा रेझिस्टन्स मोजून काही कळत नाही. आधी पुरवठा, मग सिग्नल बदलतोय का ते बघायचं.

पिकअप काढल्यावर टोकाला लोखंडाचा कीस चिकटलेला दिसला तर पुसून टाकण्याआधी नीट बघा. राखाडी पेस्टसारखा थोडा थर चालण्यासारखा आहे. चकचकीत कण किंवा तुकडे असतील तर गिअर किंवा बेअरिंग काहीतरी सांगतंय. गॅप शिमने ठरत असेल तर शिम जपून ठेवा. आणि सेल्फ बराच वेळ मारून गाडी सुरू होते, एकदा झाली की नीट चालते, अशी तक्रार असेल तर दोनांपैकी एक सेन्सर गप्प असून ईसीएम दुसऱ्यावर भागवतोय का, हे आधी बघावं.

वायरिंग, कपलर, अर्थिंग

पंधरा-वीस वर्षं जुन्या गाडीत माझा पहिला संशय इथेच असतो. कपलर उघडून उजेडात बघा: हिरवट बुरशी, मागे सरकलेली पिन, फाटलेलं रबरी सील. मादी पिन सैल झालीय का हे डोळ्यांना दिसत नाही. त्याच मापाची सुटी नर पिन घालून ओढून बघायची. हलकी अडकली पाहिजे. लोण्यासारखी सुटली तर ती पिनच बदला. ग्रीस कपलरमध्ये ठासून भरायची सवय वाईट आहे. सीलला पातळ हात पुरे.

ऑईल प्रेशर सेन्सरच्या कपलरमध्ये ऑईल दिसलं तर सेन्सर आतून फुटलाय, तो बदलायचाच. पण तेवढ्यावर थांबू नका. दाबाखालचं ऑईल वायरीच्या तांब्याच्या तारांमधून, सालीच्या आतून, सरकत पुढे जातं आणि पार ईसीएमच्या कपलरपर्यंत पोचू शकतं. तिथेही उघडून बघा.

वायरिंग कुठे घासतं हे शोधायला क्लिप तुटलेल्या जागा बघा, एअर कॉम्प्रेसरच्या ब्रॅकेटच्या आजूबाजूला बघा, चॅसिसच्या कडेवरून जिथे वळते तिथे बघा, टर्बोजवळ बघा. इंजिन चालू ठेवून वायरिंग हलवत स्कॅनरवर नजर ठेवली तर लपलेला तुटका धागा सापडतो. जोड देताना क्रिम्प आणि गोंदाची हीट-श्रिंक. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर पावसाळा काढत नाही.

बॅटरी आणि अर्थिंग आधी धरायला हवं होतं, खरं तर. सेल्फ मारताना १२ व्होल्टच्या गाडीत व्होल्टेज ९.६च्या खाली जाऊ नये, २४च्या गाडीत त्याच्या दुप्पट धरा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिन ब्लॉकला लावून सेल्फ मारा: अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंगची पट्टी काढून दोन्ही टोकं चमकेपर्यंत घासा. अल्टरनेटरचा डायोड गेला की बॅटरीच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज दिसू लागतो. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक, त्यापुढे वेगाच्या सेन्सरांचे भुताटकीसारखे कोड येऊ लागतात.

स्कॅनर ईसीएमशी बोलतच नसेल आणि गाडीला नऊ पिनांचा गोल सॉकेट असेल, तर बॅटरी बंद करून त्यातल्या सी आणि डी पिनांमध्ये ओहम मोजा. लाईनच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन टर्मिनेटर, म्हणजे रेझिस्टर, असतात, म्हणून ६० यायला हवेत. १२० आले तर एक टर्मिनेटर किंवा एक बाजू तुटलीय, ४०च्या आसपास आले तर कोणीतरी तिसरा लावलाय, शून्याजवळ आले तर दोन वायरी चिकटल्यात.

प्रत्यक्ष बदल

नवा सेन्सर जुन्याशेजारी ठेवून आटे, लांबी, पिना आणि दाबाचा पल्ला जुळवा. बाहेरून हुबेहूब दिसणारे दोन सेन्सर एक गेज आणि एक ॲब्सोल्यूट असू शकतात, म्हणून पार्ट नंबर किंवा कंपनीने त्याऐवजी दिलेला नवा नंबर हाच पुरावा धरा. जुना पार्ट कुठे जातो हे बघून मगच इंजिनाचा तो भाग हवेने आणि ब्रशने साफ करा. पाना लावण्याआधी साफ करा, नंतर नाही. भोकात पडलेली माती थेट ऑईल गॅलरीत जाते.

कपलरचा लॉक नखाने किंवा पातळ स्क्रू ड्रायव्हरने उचला, वायर धरून ओढू नका. सेन्सर खोल सॉकेटने सोडा. उघड्या पान्याने कोपरे जातात आणि प्लॅस्टिकचं डोकं तुटतं. कूलंटचा सेन्सर असेल तर इंजिन थंड होऊ द्या, कूलंट त्या पातळीखाली उतरवा किंवा नवा सेन्सर हातात तयार ठेवून पटकन बदला. आट्यांत घट्ट धरून बसलेला पितळी सेन्सर गरम ॲल्युमिनियममधून जोराने काढला तर घराचे आटेही सोबत येतात. थोडा पेनिट्रेटिंग स्प्रे आणि दम धरणं बरं.

सीलिंग सेन्सरच्या जातीवर ठरतं. सरळ आट्याच्या सेन्सरला ओ-रिंग किंवा वॉशर असतो. नवा घाला, ओ-रिंगला इंजिन ऑईल लावा, दुसरं काही नाही. टेपर आट्याला द्रव सीलंट, तोही पहिले एक-दोन आटे सोडून. टेफ्लॉन टेप मी सेन्सरवर वापरत नाही. तिचे धागे तुटून ऑईलच्या बारीक वाटा बुजवतात, आणि एका वायरीचा सेंडर (साधा सेन्सर) आट्यांतून अर्थिंग घेतो, ते अर्थिंगच टेप तोडू शकते. हाताने दोन-तीन आटे फिरवून मगच पाना लावा, आणि शेवट टॉर्क पान्याने. टेपर आटे जास्त ओढले तर हाऊसिंग फाटतं.

मग जुने कोड पुसा, सकाळच्या तपासणीची रीडिंग पुन्हा घ्या, इंजिन सुरू करून गळती बघा. कूलंट उतरवला असेल तर हवा काढा. सेन्सरचं टोक हवेच्या फुग्यात राहिलं तर इंजिन उकळत असतानाही काटा शांत असतो. शेवटी गाडी लोडला चालवून बघा. जागेवर रेस करून बूस्ट कळत नाही.

ऑईल: डिपस्टिकवर पातळी वाढली तर

देखभालीत सर्वांत आधी ऑईल. या इंजिनांना बहुधा १५डब्ल्यू-४० चालतं. २०१६ च्या डिसेंबरपासून आलेलं एपीआय सीके-४ हे जुन्या सीजे-४, सीआय-४ च्या जागी घालता येतं. त्याच वेळी आलेलं एफए-४ मात्र जुन्या इंजिनात घालू नका. ते उष्णतेत जास्त पातळ राहावं असंच बनवलेलं आहे आणि जुन्या बेअरिंगच्या गॅपसाठी नाही.

पातळी कमी होण्याची सगळे काळजी करतात, वाढली तर कोणी बघत नाही. डिझेलचे रस्ते हेडच्या आतून जाणाऱ्या इंजिनांत इंजेक्टरच्या ओ-रिंग झिजल्या की डिझेल ऑईलमध्ये उतरतं. पातळी चढते, ऑईल पातळ होतं, गरम झाल्यावर आयडलिंगला दाब पडतो, आणि १००-१ चा कोड येतो. सेन्सर खरंच बोलत असतो. डिपस्टिकचा थेंब टिश्यूवर टाकून वास घ्या. नक्की करायचं तर ऑईलचा नमुना प्रयोगशाळेत द्या. नमुना इंजिन गरम असताना घ्यायचा, तळाचा गाळ येणार नाही असा. अहवालात सिलिकॉन वाढलं तर हवेतून धूळ येतेय, सोडियम-पोटॅशियम वाढलं तर कूलंट, शिसं-तांबं वाढलं तर बेअरिंग. एका अहवालातून फारसं कळत नाही, चढती रेघ बघायची असते.

कूलंट

ओल्या लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या नळीला बाहेरून थेट कूलंट लागतो अशा इंजिनात कूलंट म्हणजे नुसतं थंड ठेवणारं पाणी नव्हे. पिस्टन एका बाजूला आपटतो तेव्हा लायनर थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगावर सूक्ष्म बुडबुडे होऊन फुटतात, आणि फुटताना धातूचा कण उडवतात. काही काळाने लायनरला आरपार बारीक भोकं पडतात आणि कूलंट ऑईलमध्ये येतो. जुन्या पद्धतीच्या कूलंटमधलं नायट्राईट लायनरवर पातळ थर धरून हे थांबवतं, आणि ते हळूहळू संपतं. म्हणून टेस्ट स्ट्रिप बुडवून बघायची आणि कमी असेल तेवढंच ॲडिटिव्ह घालायचं. जास्त घातलं तर जेलीसारखा साका होऊन रेडिएटर तुंबतो. लाँग-लाइफ कूलंटची रसायनं वेगळी, त्याची स्ट्रिपही वेगळी. दोन्ही जाती एकत्र करू नका आणि रंगावरून जात ओळखू नका. पाणी डिस्टिल्ड घ्या, प्रमाण निम्मं-निम्मं.

मीटर हातात आहेच तर एक गोष्ट करा: निगेटिव्ह प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, पॉझिटिव्ह प्रोब नुसता कूलंटमध्ये, धातूला न टेकवता. इंजिन, दिवे, पंखा सगळं चालू करा. ०.३ व्होल्टच्या वर दिसलं तर कुठलं तरी अर्थिंग कूलंटमधून वाट काढतंय आणि रेडिएटर खातंय.

डिझेल आणि हवा

वॉटर सेपरेटर रोज सकाळी सेल्फ मारण्याआधी उघडा. रात्रीत पाणी खाली बसलेलं असतं, तेव्हाच निघतं. फिल्टर बदलताना दुसऱ्या, बारीक फिल्टरमध्ये वरून डिझेल ओतून भरायची सवय सोडा. मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल न गाळता इंजेक्टरकडे जातं. हँड प्रायमरने भरा.

गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी उशिरा सुरू होते, तर ती हवा घेतेय का बघा. टाकी ते फीड पंप या ओढीच्या बाजूला गळतीचा थेंब दिसत नाही, कारण तिथे डिझेल बाहेर न येता हवाच आत शिरते. पंपाआधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडा आणि बुडबुडे बघा. जुने होज, कडक झालेले वॉशर, टाकीतली चिरलेली सक्शन नळी, याच क्रमाने शोधा.

एअर फिल्टर घरातून काढून झटकू नका. दर वेळी काढताना थोडी धूळ स्वच्छ बाजूला पडतेच. रिस्ट्रिक्शन इंडिकेटर लावा. साधारण २५ इंच पाण्याच्या, म्हणजे ६.२ किलोपास्कलच्या आसपास ओढ गेली की फिल्टर बदला. गाडी ओढत नसेल आणि बूस्ट सेन्सर ठीक निघाला असेल तर इंटरकूलर तपासा: दोन्ही तोंडं बुजवून २०० किलोपास्कलपर्यंत हवा भरा, कॉक बंद करा, १५ सेकंदांत काटा किती पडतो ते मॅन्युअलशी ताडा. बुजवलेले प्लग साखळीने बांधा. सुटले तर गोळीसारखे येतात. टर्बोसाठी एवढंच: चढ संपवून थांबल्यावर तीन-चार मिनिटं आयडलिंगला ठेवून मग बंद करा, नाहीतर त्याच्या बेअरिंगमधलं ऑईल जळून कोळसा होतं.

टॅपेट आणि डॅम्पर

टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांमधला गॅप, थंड इंजिनावर बसवायचे. गॅपचे आकडे बहुतेक वेळा इंजिनावरच्या पट्टीवर कोरलेले असतात. सहा सिलिंडरांच्या सरळ इंजिनात फायरिंगचा क्रम बहुधा १-५-३-६-२-४. १ आणि ६, २ आणि ५, ३ आणि ४ एकदमच वर येतात. म्हणून १ चा कॉम्प्रेशनचा वरचा बिंदू हवा असेल तर ६ चे दोन्ही रॉकर हलताना बघा. सहाव्याचा एक्झॉस्ट बंद होत आणि इनटेक उघडत असेल, तर एकचे दोन्ही सैल असतात. काही इंजिनांत पुलीवर वेगळ्या खुणा असतात आणि त्याच पाळायच्या. इंजिन ब्रेक असेल तर त्याचाही गॅप याच वेळी बघायचा.

क्रँकच्या पुढच्या टोकावरचा व्हायब्रेशन डॅम्पर कोणी तपासत नाही, कारण तो आवाज करत नाही. रबराचा असेल तर रबराला भेगा आणि आतल्या-बाहेरच्या कड्यांवरच्या खुणा सरकल्यात का ते बघा. आत सिलिकॉनचं घट्ट द्रव असलेला असेल तर गळती आणि डेंट बघा. आतल्या कड्यात आणि कवचात अंतर इतकं कमी असतं की बाहेरून छोटासा डेंट पडला तरी कडं अडकतं. बेल्ट काढताना त्यावर टॉमी टेकवून जोर लावू नका. डेंट पडलेला डॅम्पर ठोकून सरळ करता येत नाही, बदलावाच लागतो.